इजादियेच्या टेकडीवरच्या सात तोफा : इस्तंबूलच्या आगपहाऱ्याचा इतिहास

इस्तंबूलच्या आशियाई बाजूला, बॉस्फरसच्या पाण्याला अगदी चिकटून, कांदिल्ली नावाची जुनी वस्ती आहे. तिच्या पाठीशी जी टेकडी उभी आहे तिला इजादिये म्हणतात. एकोणिसाव्या शतकात शहरात मोठी आग लागली की या टेकडीवरून सात तोफा डागल्या जात. त्यांचा आवाज बॉस्फरसच्या दोन्ही तीरांवरच्या गावांपर्यंत जाई आणि लोक अंगणात येऊन आपल्या दिशेला धूर आहे का ते पाहत. या टेकडीबद्दल वाचायला लागले आणि तिथून पाण्यापलीकडच्या दोन मनोऱ्यांकडे वळले. तिन्ही जागांचा इतिहास एकत्र मांडल्याशिवाय एकीचाही नीट कळत नाही, असे लक्षात आले, म्हणून हा धागा थोडा लांब झाला आहे.

आधी शहर एवढे जळत का होते ते पाहू. इस्तंबूलच्या मशिदी, हमामखाने आणि बाजारांच्या मोठ्या इमारती दगडाच्या होत्या, पण सामान्य माणसाची घरे लाकडाची. 1509च्या मोठ्या भूकंपानंतर लोकांनी दगडविटांच्या घरांपेक्षा लाकडाला पसंती दिली असे मानले जाते. त्यात तथ्य असावे, कारण भूकंपात लाकडी सांगाडा वाकतो, चटकन ढासळत नाही. शिवाय लाकूड स्वस्त होते आणि घर महिन्याभरात उभे राही. अडचण एवढीच की वरच्या मजल्याचे सज्जे गल्लीवर पुढे काढलेले असत, समोरासमोरच्या दोन सज्ज्यांमध्ये हातभर जागा उरे, आणि घराघरात थंडीसाठी निखाऱ्यांची शेगडी पेटलेली असे. त्यावर ईशान्येकडून येणारा पोयराझ वारा सुटला, तर एका घराची आग मोहल्ल्याची व्हायला वेळ लागत नसे. 1633 साली जिबाली भागात एका जहाजाच्या फटी डांबराने बुजवण्याचे काम चालू असताना आग लागली आणि ती शहरात दूरवर पसरली. सुलतान चौथा मुराद याने त्यानंतर कॉफीची दुकाने बंद केली आणि तंबाखूवर बंदी घातली. (आग जहाजावर लागली होती आणि शिक्षा कॉफीवाल्यांना झाली, हे नमूद केल्याशिवाय राहवत नाही. सुलतानाला कॉफीखान्यांत चालणाऱ्या गप्पांची भीती अधिक होती.) 1660च्या जुलैत सुवर्णशृंग खाडीच्या काठावर, लाकडाच्या वखारींच्या भागात लागलेली आग सुमारे दोन दिवस चालली आणि तिने शहराचा फार मोठा हिस्सा खाल्ला.

एवढे सगळे होऊनही शहराला उंचावरून पाहणारा कायमचा पहारा मिळायला अठरावे शतक उजाडले. तोवर आग कळवण्याचे काम मोहल्ल्याच्या रात्रपहारेकऱ्याकडे होते. त्याच्या हातात लोखंडी टोकाची काठी असे. ती तो फरसबंदीवर आपटत चाले आणि कुठे आग लागली आहे ते मोहल्ल्याचे नाव घेऊन ओरडत जाई. "यान्गिन वार", म्हणजे "आग लागली आहे", ही त्याची आरोळी त्या काळातल्या कितीतरी युरोपीय प्रवाशांनी लिहून ठेवली आहे, कारण रात्री झोपेतून उठवणारी ती आरोळी त्यांना विसरता आली नव्हती.

खाडीच्या उत्तरेला टेकडीच्या उतारावर गलाताचा मनोरा आहे. तो जिनोवाच्या व्यापाऱ्यांनी 1348 साली बांधला. 1717 पासून तो आगीच्या टेहळणीसाठी वापरला जाऊ लागला. 1720 साली, तिसरा अहमद सुलतान असताना आणि दामाद इब्राहिम पाशा वजीर असताना, इस्लाम स्वीकारलेल्या दावूद नावाच्या एका फ्रेंच माणसाने बनवलेल्या हातपंपाच्या जोरावर आग विझवणाऱ्यांचे पथक उभे राहिले. तुर्की भाषेत पंपाला तुलुम्बा म्हणतात, म्हणून हे तुलुम्बाजी. या दोन सालांमधले अंतर केवळ तीन वर्षांचे आहे आणि मला ते फार बोलके वाटते. गलाताचा मनोरा त्याआधी साडेतीनशेहून अधिक वर्षे तिथेच उभा होता, त्याच्यावरून शहर तेवढेच दिसत होते, पण हाक मारली तर धावून येणारे कोणी नसेल तर वर माणूस बसवून काय साधणार? माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म इथे आहे. वरून पाहणे हा सोपा भाग होता. पाहिलेले खाली पोहोचवणे, आणि खाली ते ऐकून हलणारी माणसे असणे, हे अवघड होते, आणि मनोऱ्यांच्या नशिबातले सगळे चढउतार याच दुव्यामुळे घडले.

1749 साली मुख्य शहरात, सुलेमानिया मशिदीजवळच्या आगाकापिसी या ठिकाणी लाकडी मनोरा बांधला गेला. आगाकापिसी म्हणजे येनिचेरी फौजेच्या आगाची, म्हणजे सरदाराची, कचेरी. येनिचेरी म्हणजे आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत ज्यांना जानिसरी म्हटलेले असते ते सुलतानाचे खडे सैन्य. तुलुम्बाजी पथकही याच फौजेला जोडलेले होते, त्यामुळे पाहणारे, कळवणारे आणि विझवणारे एकाच छताखाली आले. व्यवस्था म्हणून हे चांगले होते. पण मनोरा लाकडाचा होता, आणि अवघ्या सात वर्षांनी, 1756च्या जिबालीच्या आगीत, तो स्वतःच जळाला. तो पुन्हा बांधण्यात आला.

मग 1826 साल आले. सुलतान दुसरा महमूद याला नव्या पद्धतीची फौज उभी करायची होती आणि येनिचेरी त्याला आडवे येत होते. त्या वर्षीच्या 15 जूनला त्याने त्यांच्या बराकींवर तोफा लावल्या आणि शतकानुशतकांची ती फौज एका दिवसात मोडून काढली. फौजेबरोबर तुलुम्बाजी पथक बरखास्त झाले आणि आगाकापिसीचा मनोराही पाडला गेला. राजकीय दृष्टीने ते समजण्यासारखे आहे, कारण ज्या फौजेचे नावनिशाण पुसायचे तिच्या कचेरीतला उंच मनोरा कोण ठेवील? पण त्यानंतर दोन महिनेही उलटले नव्हते तोच, ऑगस्टच्या आरंभी, होजापाशा भागात आग लागली. विझवायला तरबेज माणसे उरलेली नव्हती. दीड दिवस आग चालली, शहराच्या मध्यभागाचा मोठा पट्टा जळाला, आणि सरकारला घाईघाईने नवे पथक उभारावे लागले. बेयाझित चौकात सेनापतीच्या कचेरीच्या आवारात नवा लाकडी मनोरा बांधला गेला, तर तोही थोड्याच काळात जळाला. येनिचेरींच्या बाजूच्या लोकांनी तो पेटवला असे सांगितले जाते.

1828 साली महमूदने मग दगडाचा मनोरा बांधवला. वास्तुविशारद होता सेनेकेरिम बाल्यान, ओस्मानी (ऑटोमन) दरबारासाठी पिढ्यान्‌पिढ्या इमारती बांधणाऱ्या आर्मेनियन बाल्यान घराण्यातला. हा बेयाझितचा मनोरा शहराच्या तिसऱ्या टेकडीवर आहे, त्याची उंची 85 मीटर आहे आणि तो आजही उभा आहे. दारावरच्या शिलालेखातली कविता केचेजीझादे इझ्झेत मोल्ला याची आहे. वरचे तीन मजले 1849 साली चढवले गेले. आधीचा एक धरून वरच्या चारही मजल्यांची नावे त्यांच्या कामावरूनच पडली : पहाऱ्याचा मजला, खुणेचा मजला, टोपलीचा मजला आणि निशाणाचा मजला.

टोपलीचा मजला कशासाठी, असा प्रश्न मलाही पडला होता. दिवसा आग दिसली की मनोऱ्यावरून मोठ्या टोपल्या लटकवल्या जात आणि रात्री त्यांच्या जागी कंदील चढत. किती टोपल्या आणि मनोऱ्याच्या कोणत्या अंगाला, यावरून आग मुख्य शहरात आहे, खाडीपलीकडे गलाता आणि त्याला लागून असलेल्या पेरात आहे, की बॉस्फरसपलीकडे उस्कुदारच्या बाजूला आहे, हे कळे. पण टोपली फक्त दिशा सांगे. नेमका मोहल्ला, नेमकी गल्ली सांगायला माणूसच लागे. वरच्या खोलीला तुर्कीत कोश्क म्हणतात (युरोपात जाऊन याच शब्दाचा किऑस्क झाला), म्हणून तिथल्या पहारेकऱ्यांना कोश्क्ल्यू म्हणत. त्यांच्यातले काही वर नजर लावून असत आणि काही खाली तयारीत. वरून ठिकाण सांगितले की खालचा जवान लाल कपड्यात, हातात भाला घेऊन पळत सुटे आणि पथकांच्या चौक्यांवर निरोप देई. रस्त्यातले लोक त्याला "कुठे?" म्हणून विचारत आणि तो न थांबता जागेचे नाव ओरडत पुढे जाई.

इजादियेची टेकडी या रचनेत कुठे बसते ते आता लक्षात येईल. बेयाझित तटबंदीच्या आतल्या शहरावर नजर ठेवी, गलाता पेराच्या बाजूवर, पण बॉस्फरसच्या वळणावळणाच्या काठाने उत्तरेकडे पसरत गेलेली गावे या दोन्हींच्या नजरेआड राहत. तिथे टोपली दिसणार नव्हती आणि धावणारा माणूसही वेळेत पोहोचला नसता. म्हणून तिथे तोफ. पाण्याच्या दोन्ही बाजूंना डोंगरउतार असल्यामुळे आवाज घुमत लांबवर जाई.

या विषयावर कोणाला अधिक ठाऊक असेल तर अवश्य लिहावे. मला विशेषतः या पहाऱ्याचा शेवट कसा झाला याबद्दल वाचायला आवडेल.

प्रतिसाद 1

लेख आवडला. एक छोटी पुस्ती जोडतो, कारण नकाशात शोधायला गेलेल्यांचा गोंधळ होईल. इजादिये नावाचा एक मोहल्ला उस्कुदारजवळच्या कुझगुंजुकलाही आहे. तोफांची टेकडी ती नव्हे. ती उत्तरेला, कांदिल्ली आणि वानीकोय यांच्या वर आहे. मी स्वतः बराच वेळ चुकीच्या इजादियेत फिरत होतो, अर्थात नकाशावरच.

दुसरी गंमत शब्दांची. कांदिल्ली म्हणजे "कंदील असलेली" जागा. अरबीतला किंदील तुर्कीत कांदिल झाला आणि आपल्याकडे कंदील. तुर्की "तोप" आपल्याकडे तोफ झाली. मनोऱ्यावर रात्री जो दिवा चढे त्याला ते "फेनेर" म्हणतात, आणि आपल्या जुन्या मराठीतला फाणस त्याच गोतावळ्यातला. मोहल्ला तर आहेच. म्हणजे आगीच्या खुणांची ही सगळी सामग्री भाषेच्या वाटेने आपल्या घरात केव्हाच येऊन बसलेली आहे.

प्रतिसाद 2

माहिती उत्तम आहे, परंतु लेखातून असा समज होऊ शकतो की 1828च्या दगडी मनोऱ्यानंतर परिस्थिती सुधारली. तसे झाले नाही. 1831 साली पेरा जळाले. 1865 साली होजापाशा पुन्हा जळाले. 1870च्या जूनमध्ये पेराला लागलेल्या आगीत हजारो घरे गेली, शेकडो माणसे मेली आणि ब्रिटिश वकिलातीची दगडी इमारतसुद्धा वाचली नाही. 1918 साली फातिह भागाची राखरांगोळी झाली. या प्रत्येक वेळी बेयाझितवर पहारा होता आणि आग वेळेत दिसलीही असणार. मग त्या टेहळणीचा उपयोग तरी काय झाला, असा प्रश्न विचारायला हवा. मला तर हे मनोरे सत्तेचे प्रदर्शन अधिक वाटतात. सेनापतीच्या कचेरीच्या आवारात, शहराच्या कुठल्याही कोपऱ्यातून दिसेल असा 85 मीटरचा मनोरा, तोही जुन्या फौजेचा निकाल लावल्यानंतर दोनच वर्षांनी, हे निव्वळ आगीसाठी बांधले गेले असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

धागालेखिका

आपला आक्षेप मोलाचा आहे. मोठ्या आगी थांबल्या नाहीत हे पूर्णपणे मान्य. फक्त दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली अशी की इतिहासात नोंद होते ती न आटोपलेल्या आगीची. दोन घरांवर विझलेल्या आगीला कोणी वर्षाच्या नावाने ओळखत नाही, त्यामुळे मनोऱ्याचे अपयशच तेवढे ठळक दिसते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. निरोप पोहोचल्यावर पुढे काय होई ते पाहा. तुलुम्बाजींचा पंप म्हणजे एक लाकडी पेटी. तिला तुर्कीत सांदिक, म्हणजे आपली संदूकच, म्हणत. चारचार माणसे ती खांद्यावर घेऊन अनवाणी पळत, थकली की दुसरी चार खांदा देत. गल्ल्या इतक्या अरुंद आणि चढणीच्या की चाकाची गाडी जाणेच शक्य नव्हते. पेटीत पाणी भरायचे पखालवाल्यांनी. जवळ हौद किंवा कारंजे नसले की पंप रिकामा. अशा वेळी एकच उपाय उरे : वाऱ्याच्या वाटेवरची न जळालेली घरे आकड्यांनी आणि कुऱ्हाडींनी पाडून आगीला खाद्य मिळू न देणे. कोणाचे घर पाडायचे, हा निर्णय आगीसमोर उभे राहून घ्यावा लागे, आणि त्यात होणारा विलंब कुठल्याही टोपलीने भरून निघणारा नव्हता. सुलतान आणि वजीर जातीने आगीच्या ठिकाणी जात, त्याचे एक कारण हेही असावे.

1826 नंतर पुढे मोहल्ल्यामोहल्ल्यांची आपापली पथके झाली. त्यांच्यात चुरस एवढी की कोणाची पेटी आधी पोहोचली यावरून आगीसमोरच मारामाऱ्या होत. तुर्की भाषेत "तुलुम्बाजी" हा शब्द नंतर दांडगट, मवाली माणसासाठी वापरला जाऊ लागला, तो उगाच नाही. तेव्हा मनोऱ्याने आपले काम केले तरी साखळीतली पुढची कडी अशी होती. हेच मी लेखात म्हणत होते, पण पंपाच्या बाजूबद्दल लिहायचे राहून गेले, ते आपल्यामुळे लिहून झाले.

सत्तेच्या प्रदर्शनाबद्दल मात्र आपले म्हणणे पटते. दोन्ही हेतू एकत्र असायला हरकत नाही.

प्रतिसाद 3

वरच्या चर्चेत एक नाव यायला हवे, ते म्हणजे काउंट ओडोन सेचेनी. हंगेरीचा प्रसिद्ध राजकारणी इश्तवान सेचेनी याचा हा मुलगा. त्याने 1870च्या सुमारास पेश्त शहरात स्वयंसेवकांचे अग्निशमन दल उभारले होते. (बुडापेस्टच्या किल्ल्यावर चढणारी दोरावरची छोटी रेल्वे, जी पर्यटक आजही वापरतात, तीही त्याच्याच पुढाकाराने झाली.) पेराच्या 1870च्या आगीने ओस्मानी सरकार हादरले होते, विशेषतः परदेशी वकिलातींच्या नाराजीमुळे, आणि त्यातूनच सेचेनीला इस्तंबूलला बोलावले गेले. 1874 पासून त्याने लष्करी शिस्तीचे अग्निशमन दल उभे केले. धर्म न बदलता त्याला पाशा ही पदवी मिळाली, जे त्या काळी सहज घडत नसे, आणि तो 1922 साली इस्तंबूलमध्येच वारला.

सेचेनीचे दल आल्यावरही मोहल्ल्यांची पथके लगेच संपली नाहीत. अनेक वर्षे एकाच आगीकडे एका बाजूने गणवेशातले शिपाई आणि दुसऱ्या बाजूने खांद्यावर पेटी घेतलेले तुलुम्बाजी धावत असत. मनोऱ्यावरच्या टोपल्या आणि तोफाही चालूच होत्या. म्हणजे सेचेनीने साखळीची शेवटची कडी बदलली, पहिली जशीच्या तशी ठेवली. पहिलीत दोष नव्हता, याचा हा अप्रत्यक्ष दाखला समजता येईल.

प्रतिसाद 4

आगीइतकीच बांधकामाची बाजूही पाहावी, अशी विनंती. 1848 साली बांधकामाचे नियम झाले. 1865च्या होजापाशा आगीनंतर रस्ते सुधारण्यासाठी एक समिती नेमली गेली आणि जळालेल्या भागातून रुंद रस्ते काढले गेले. जुन्या शहराचा मुख्य रस्ता दिवानयोलू तेव्हाच रुंद झाला. जी जागा जळून मोकळी झाली तिथेच नियम लागू करता येत, न जळालेल्या मोहल्ल्यात कोणी कोणाला घर मागे घेऊ देईना. त्यामुळे इस्तंबूलच्या जुन्या नकाशात सरळ रेघांचे पट्टे दिसले की तिथे आग होऊन गेली आहे असे खुशाल समजावे.

प्रतिसाद 5

गलाताच्या मनोऱ्याबद्दल थोडे. आगीवर नजर ठेवणारा हा मनोरा स्वतः 1794 साली जळाला आणि दुरुस्त झाल्यावर 1831 साली पुन्हा जळाला. भिंती दगडाच्या, पण आतले मजले, जिने आणि छप्पर लाकडाचे. 1831 नंतर महमूदने त्यावर टोकदार शंकूसारखे छप्पर चढवले, ते 1875च्या वादळात उडून गेले, आणि त्यानंतर सुमारे नव्वद वर्षे मनोरा त्या टोपीशिवायच होता. आज पर्यटकांच्या छायाचित्रांत जे टोकदार छप्पर दिसते ते 1960च्या दशकातल्या जीर्णोद्धारात महमूदच्या काळच्या नमुन्यावर नव्याने बसवलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या छायाचित्रांत मनोरा ओळखू येत नाही, त्याचे कारण हे.

टेहळणीच्या जागेवरून शहर किती स्पष्ट दिसे, याचा एक पुरावा चित्रकलेत आहे. हेन्री अॅस्टन बार्कर या इंग्रज चित्रकाराने इथूनच सगळीकडे गोल फिरून शहराचे चित्र काढले आणि 1801 साली लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधल्या गोल दालनात ते भव्य आकारात मांडले. प्रेक्षक मधोमध उभे राहत आणि चारही बाजूंना इस्तंबूल दिसे. म्हणजे पैसे देऊन आलेल्या लंडनकरांना कोश्क्ल्यूच्या जागी उभे राहण्याची सोय झाली होती, फक्त आग शोधण्याची जबाबदारी त्यांच्यावर नव्हती.

आणखी एक. सुरुवातीच्या काळात गलातावरून आगीची खबर मोठा ढोल बडवून दिली जाई. ढोल, टोपली, कंदील, तोफ, धावपटू आणि काठी आपटणारा पहारेकरी, एवढी साधने एकाच शहरात एकमेकांना पूरक म्हणून वापरली गेली, हे मला फार शहाणपणाचे वाटते. धुके पडले की टोपली दिसत नाही, वारा उलटा असला की तोफ ऐकू येत नाही, पण पळणारा माणूस दोन्हीत पोहोचतो.

प्रतिसाद 6

सुलतानाला आगीची बातमी कशी देत, याबद्दल जुन्या वर्णनांत एक प्रसंग हमखास येतो. तो जनानखान्यात असला तर आत जाऊन सांगण्याची कोणाची छाती नसे, म्हणून एक दासी डोक्यापासून पायापर्यंत लाल कपडे घालून त्याच्यासमोर जाऊन उभी राही. तिच्याकडे पाहूनच त्याने समजायचे आणि विचारायचे, कुठे? खरेखोटे देव जाणे, पण रस्त्यातल्या लाल कपड्यातल्या धावपटूशी हे जुळते.

धागालेखिका

हे मीही वाचले होते आणि दंतकथा समजून गाळले होते. लाल रंग दोन्हीकडे आहे हे मात्र मला सुचले नव्हते, आभार. प्रतिसाद 5 मधले साधनांच्या पूरकतेबद्दलचे निरीक्षणही उत्तम आहे. मी लेखात तोफेला बॉस्फरसच्या गावांपुरते मर्यादित केले, ते थोडे अपुरे होते.

प्रतिसाद 7

शेवट कसा झाला, असे लेखिकाबाईंनी विचारले होते, म्हणून मला जे ठाऊक आहे ते लिहितो. विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत दोन बदल झाले. एक तर दूरध्वनी आला. दुसऱ्या अब्दुलहमीदच्या राजवटीत दूरध्वनीवर कडक निर्बंध होते, ते 1908च्या क्रांतीनंतर उठले. आग लागलेल्या मोहल्ल्यातूनच खबर जाऊ लागल्यावर भालाधारी धावपटू अनावश्यक झाला. दुसरे म्हणजे 25 सप्टेंबर 1923 रोजी अग्निशमन दल लष्कराकडून इस्तंबूलच्या नगरपालिकेकडे आले. त्यानंतर मोटारीचे बंब आले आणि खांद्यावरच्या पेट्या थेट संग्रहालयात गेल्या.

परंतु मनोऱ्यावरचा माणूस लगेच खाली उतरला नाही. बेयाझित आणि गलाता या दोन्ही ठिकाणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अग्निशमन दलाचे पहारेकरी बसत होते. दूरध्वनी गरिबाच्या घरी नसतो आणि रात्री तीन वाजता लाकडाच्या बंद वखारीला आग लागली तर दूरध्वनी करणारे तिथे कोणी नसते, हे त्याचे साधे कारण आहे.

ज्या आवारात बेयाझितचा मनोरा आहे ते युद्ध मंत्रालयाचे आवार राजधानी अंकाराला गेल्यावर विद्यापीठाला मिळाले, त्यामुळे आज तो इस्तंबूल विद्यापीठाच्या अंगणात आहे. आणि खुणा देणे त्याने सोडलेले नाही. रात्री त्याच्यावर रंगीत दिवे लागतात आणि त्यांचा रंग दुसऱ्या दिवशीचे हवामान सांगतो : निळा म्हणजे निरभ्र, हिरवा म्हणजे पाऊस, पिवळा म्हणजे धुके, लाल म्हणजे हिमवर्षाव.

प्रतिसाद 8

लाल म्हणजे बर्फ! कोश्क्ल्यूला हे सांगितले असते तर त्याने भाला टाकून कपाळावर हात मारला असता.

प्रतिसाद 2 लिहिणारा पुन्हा

लेखिकाबाईंचे स्पष्टीकरण बरेचसे पटले. नोंद होते ती हरलेल्या आगीची, हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. तरीही एक गोष्ट नोंदवतो. 1918 साली फातिह जळाले तेव्हा महायुद्ध चालू होते आणि धडधाकट माणसे आघाड्यांवर गेली होती. म्हणजे 1826 प्रमाणेच याही वेळी मनोऱ्याच्या पायथ्याशी माणसे कमी होती. आपलाच मुद्दा आहे, माझ्याकडून त्याला एक उदाहरण.

प्रतिसाद 9

इजादियेचे पुढे काय झाले ते कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. 1868 साली पेरामध्ये एक शाही वेधशाळा स्थापन झाली होती. तिचे मुख्य काम हवामानाच्या नोंदी तारेने गोळा करणे हे होते. 1909च्या एप्रिलमध्ये राजधानीत जो उठाव झाला त्याच्या धामधुमीत ती उद्ध्वस्त झाली. तिची पुनर्रचना करण्यासाठी फातिन होजा, म्हणजे पुढे फातिन गोकमेन या नावाने प्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ, यांची नेमणूक झाली. त्यांनी नव्या जागेसाठी निवडली ती इजादियेचीच टेकडी. आगीच्या पहाऱ्याला जे हवे असते, म्हणजे उंची, मोकळे क्षितिज आणि शहराच्या धुरापासून थोडे अंतर, तेच हवामान पाहणाऱ्यालाही हवे असते. 1 जुलै 1911 पासून तिथे हवामानाच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. ती आजची कांदिल्ली वेधशाळा. 1982 पासून ती बोआझिची विद्यापीठाकडे आहे.

तुर्कस्तानात कुठेही जमीन हलली की बातम्यांत पहिल्यांदा जे नाव येते ते कांदिल्लीचे, कारण भूकंपमापनाचे मोठे केंद्र याच टेकडीवर आहे. लेखाच्या आरंभी 1509च्या भूकंपाचा उल्लेख आहे. त्या भूकंपाला घाबरून लोकांनी लाकडाची घरे बांधली, ती घरे जळू लागली म्हणून या टेकडीवर तोफ आली, आणि तोफेच्या जागी आता भूकंपाची यंत्रे बसली आहेत.

धागालेखिका

हे वाचून मी टेकडीचा नकाशा पुन्हा उघडला. प्रतिसाद 1 मध्ये दिलेल्या सूचनेमुळे या वेळी थेट योग्य इजादियेवर पोहोचले.